सूजी माडरी

माझ्या पहिल्या ओपीडीतला पहिला पेशंट म्हणजे साठी ओलांडलेले एक आजोबा. डोक्याला पटका, खांद्यावर टॉवेल. स्टुलावर बसले, सदऱ्याची बाही वर सरकवली आणि दंड माझ्यापुढे धरून म्हणाले, "सूजी माडरी." मला वाटलं, सूज आलीय. मी दंड दाबून पाहिला, दुसऱ्याशी ताडून पाहिला, पायावर बोट दाबून खड्डा पडतो का तेही पाहिलं. आजोबा मला सगळं शांतपणे करू देत होते. शेवटी दारातून सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, इंजेक्शन द्या म्हणतायत ते."

जिल्हा सांगली, राज्य महाराष्ट्र, मी कराडची, आणि मला पेशंटची भाषा येत नव्हती.

ही गोष्ट 2018 सालची. एमबीबीएस मी मुंबईतल्या एका सरकारी कॉलेजातून केलं. सरकारी कॉलेजात शिकलं की इंटर्नशिपनंतर एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर 10 लाख रुपये भरून मोकळं व्हायचं, हा तेव्हाचा बॉण्ड. आमच्यातले काही पैसे भरून सुटले. उरलेल्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं: पीजीच्या नीटचा अभ्यास कुठे बरा होईल. ऑनलाइन जागांची यादी लागली, गुणांच्या क्रमाने पसंती द्यायची होती. मी सांगली जिल्ह्यातल्या जागांवर खुणा करत गेले. कराडहून सांगली ती किती लांब, शनिवारी आईच्या हातचं जेवायला येता येईल, एवढाच माझा हिशोब. सांगली जिल्हा पूर्वेला किती लांबवर पसरलाय, हे नकाशात बघायचं राहून गेलं.

आदेश हातात आला. तो घेऊन आधी जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रत्येक टेबलावर रुजू अहवालाच्या तीन तीन प्रती. एका क्लार्कने आदेशावरचं गाव वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कन्नड येतं का मॅडम?" मी हसले. मला ती चेष्टा वाटली.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचा पूर्व भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उमदी, संख, माडग्याळ या पट्ट्यात कितीतरी घरांत चुलीपाशी कन्नड बोलतात. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. बाजाराला, सोयरिकीला, मोठ्या दवाखान्याला माणसं विजापूरकडे बघतात, कारण ते सांगलीपेक्षा जवळ. 2022 साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर दावा सांगितला तेव्हा चार दिवस सगळ्या चॅनेलवर जत होतं. पण तिथल्या माणसांची जुनी तक्रार भाषेची नाही, पाण्याची आहे. मी होते ते वर्ष तर दुष्काळाचं. केंद्रालाही टँकरनं पाणी यायचं. बाळंतपण झालं की सिस्टर आधी बादल्या मोजायच्या.

केंद्राचं गाव सांगत नाही. मैदानी भागात 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. सहा खाटा, एक लेबर रूम, खाली पाच-सहा उपकेंद्रं, प्रत्येक गावात आशा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं दोन, त्यातलं एक रिकामं. म्हणजे चोवीस तास मीच. क्वार्टर होतं, त्याच्या एका खोलीत जुनी रजिस्टरं आणि मच्छरदाण्यांचे गठ्ठे. दुसऱ्या खोलीत मी आणि नीटची पुस्तकं.

मी काय शिकून आले होते? खरं सांगायचं तर पुष्कळ. आणि त्यातलं बरंचसं तिथं लागू पडत नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलात पेशंट आला की वरती सीनियर, त्याच्या वरती रजिस्ट्रार, त्याच्या वरती लेक्चरर. इंटर्न म्हणजे रक्त काढून लॅबला पळणारा, फॉर्म भरणारा, एक्स-रे शोधणारा प्राणी. निर्णय घ्यायची वेळ कधी माझ्यावर आलीच नाही. ग्रामीण भागातलं पोस्टिंग होतं, पण तिथं जाऊन आम्ही सह्या करायचो आणि उरलेल्या वेळात एमसीक्यू सोडवायचो. हे लिहायला लाज वाटते, पण तेच खरं आहे.

पहिल्या महिन्यात माझी ओपीडी निम्म्यावर आली. फार्मासिस्टनं ते अगदी सौम्य शब्दांत सांगितलं, "मॅडम, तुम्ही सूजी देत न्हाई म्हणून माणसं नाराज हायत." गावात दोन 'डॉक्टर' होते, डिग्री कसली ते कुणी विचारलेलं नव्हतं. तिथं ताप असो, अंग दुखो, थकवा असो, सलाईन आणि सुई ठरलेली. तिथले पन्नास रुपये माझ्या फुकटच्या गोळीपेक्षा खरे वाटायचे. मी सुरुवातीला भाषणं दिली. मराठीत. पुढे मला कळलं की माझ्या भाषणाचं सिस्टर एका वाक्यात भाषांतर करायच्या: "गोळी घ्या, बाई चिडतात."

सिस्टरांबद्दल वेगळं लिहायला हवं. आरोग्यसेविका म्हणून त्या भागात सतरा वर्षं काढलेल्या. त्यांच्या हातून किती बाळंतपणं झाली ते त्यांनी मोजणं सोडलं होतं. त्यांच्यापेक्षा वयाने अर्ध्या असलेल्या मुलीला 'मॅडम' म्हणायचं, तिला काय येत नाही ते ओळखायचं, आणि तिचा मान न जाऊ देता तिला ते शिकवायचं, ही कला त्यांच्याकडे होती. माझ्याआधी त्यांनी असे कितीतरी डॉक्टर बघितले होते.

दुसऱ्याच आठवड्यातली एक चूक. एक बाई आली, तोंड वेडंवाकडं करत म्हणाली, "होट्टी ब्यानी." होट्टी म्हणजे पोट, एवढं तोवर शिकले होते. पोटदुखी. पोटावर मोठी शाल गुंडाळलेली, गर्दी, मी नीट तपासलंच नाही. अॅसिडिटीची गोळी लिहिली. ती बाई खिडकीशी गोळ्या घेत असताना सिस्टरांनी तिचा चेहरा बघितला, हाताला धरलं आणि थेट लेबर रूममध्ये नेलं. चाळीस मिनिटांत मुलगी झाली. ब्यानी म्हणजे दुखणं, आणि बाळंतपणाच्या कळा म्हणजेही ब्यानी. रात्री मी शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या ओळीवर तो शब्द लिहिला. समोर: "आधी पोट उघडं करून बघ."

मग वही वाढत गेली. ज्वरा बंदावरी, ताप आलाय. एष्ट दिनदिंद, किती दिवसांपासून. बाय तगीरी, तोंड उघडा. अंजब्याड, घाबरू नको. आशा ताई दुपारी रिपोर्ट द्यायला आल्या की मी त्यांच्याकडून पाच शब्द घ्यायची. त्यांना याची गंमत वाटायची. माझे उच्चार ऐकून एक आशा ताई हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती. पण मी मोडकंतोडकं विचारायला लागल्यावर एक गोष्ट बदलली. बायका आजाराव्यतिरिक्तचं सांगायला लागल्या. नवरा, सासू, मुलगी शाळेतून काढली, ऊसतोडीला जायचंय, पाळी दोन महिने आली नाही पण घरात सांगितलेलं नाही. रोगाचं निदान अर्ध्याहून अधिक पेशंटच्या सांगण्यात असतं, हे पहिल्या वर्षीच पाठ केलेलं वाक्य. पण सांगण्याला भाषा लागते, हे काही कुणी शिकवलं नव्हतं.

ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली. एका संध्याकाळी एका जीपमधून तीन माणसं आली. तिघांचे चेहरे आणि डोळे लालबुंद, छाती धडधडतेय, एकाला दम लागलेला, एक ओकत होता, बीपी खाली गेलेलं. एकदम तिघं! मी विषबाधा धरली, काय खाल्लं ते विचारलं. सगळ्यांनी वेगवेगळं खाल्लेलं. अॅलर्जी? तिघांना एकाच वेळी? मी अॅड्रिनॅलिनकडे हात नेणार एवढ्यात अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हरमामा दारातून म्हणाले, "मॅडम, पेस्ट लावल्यात काय इचारा. आन घेतल्यात काय ते बी."

लावली होती. आणि घेतलीही होती.

द्राक्षाची छाटणी झाली की डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. मजूर कापडानं किंवा स्पंजनं लावत जातात, हातमोजे असले तर असले. ते शरीरात गेलं की दारू पचवणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं. मग संध्याकाळी घोटभर जरी घेतली तरी अॅसिटाल्डिहाइड रक्तात साठतं आणि माणूस असा लाल होऊन धापा टाकतो. दारू सोडवायला डायसल्फिराम देतात, तिथं जे होतं तेच हे. डायसल्फिराम मला तोंडपाठ होतं. औषधशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी त्याचं उत्तर दिलं होतं. पण द्राक्षबाग आणि डायसल्फिराम यांची गाठ घालून दिली ती दहावी पास ड्रायव्हरमामांनी. तिघांना आडवं केलं, पाय उंच, सलाईन, ऑक्सिजन, रात्रभर नजर. सकाळी तिघं चहा पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात मी दोन बागांवर गेले आणि पेस्टिंगनंतर काही दिवस थेंबही नको, असं सांगून आले. माझं भाषण त्यांनी एकदाच नीट ऐकलं, ते हे.

साप चावल्याच्या केसेस तिथं नेहमीच्या. आधी देवळात, मग मांत्रिकाकडे, मग आमच्याकडे. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करून बघायचं. रक्त गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष भिनलंय. एवढी साधी चाचणी, पण नळी काचेचीच हवी आणि साबणानं धुतलेली नको, नाहीतर सगळं चुकतं. आमचे लॅब टेक्निशियन त्या नळ्या कपाटात कुलपात ठेवायचे आणि मला मोजून द्यायचे. पहिल्यांदा अँटिव्हेनमच्या दहा व्हायल लावल्या तेव्हा भरलेलं अॅड्रिनॅलिन मी एका हातात तासभर धरून उभी होते. रिअॅक्शन आली नाही. हात मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत आखडलेला होता.

पुस्तकात मिळत नाही असं ज्ञान केंद्रावर बसून तयारही होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडच्या परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून बघत राहिले आणि त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार उभा राहिला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी त्यांच्यासारखी नव्हते, तेव्हा माझं एक डोकं नीटमध्ये होतं. पण ते बसून राहिले, ही गोष्ट मला तिथं गेल्यावर कळली. बॉण्डच्या एका वर्षात कुणी बसून राहत नाही.

मार्गशीर्षात जतला यल्लम्माची यात्रा. त्या दिवसांत रात्री अकराच्या सुमाराला एक ट्रॅक्स केंद्रासमोर कचकन थांबली. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण, आठवा महिना, वाटेत झटका आलेला. उतरवेपर्यंत दुसरा आला. बीपी 180 वर 120. एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके. मी असा पेशंट कॉलेजात पाहिला होता, पाच डॉक्टरांच्या पाठीमागून, टाचा उंच करून.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. कपाट उघडलं, झटके थांबवणाऱ्या मॅगसल्फच्या अँप्यूल ओळीने मांडल्या. एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम. दहा फोडायच्या. पाच एका सिरिंजमध्ये, पाच दुसऱ्यात, दोन्ही कुल्ल्यांत खोल. रेफर करण्याआधी द्यायचा हा पहिला डोस. मला आकडे पाठ होते, पण माझी बोटं थरथरत होती आणि तिसरी अँप्यूल माझ्या हातात फुटून अंगठा कापला. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही श्वास मोजा मॅडम, गुडघा ठोकून बघा. मी भरते." त्यांनी मला काम दिलं म्हणून मी उभी राहू शकले.

मग खरा प्रश्न. न्यायचं कुठे? जतला फोन केला, तिथं त्या रात्री भूल देणारं कुणी नव्हतं. मिरज-सांगली शंभर किलोमीटरच्या वर. नातेवाईक विजापूर म्हणत होते, तिथं मामा आहे, खासगी दवाखाना ओळखीचा आहे. सासरा म्हणत होता, मिरजेला न्या, आमच्या आईला वान्लेसमध्येच आराम पडला होता. वान्लेस हॉस्पिटल 1894 सालचं. त्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडात 'मिरज' हा शब्द दवाखाना या अर्थानेच येतो. मुलीची आई एका कोपऱ्यात बसून काहीतरी पुटपुटत होती. सगळा वाद कन्नडमध्ये चालला होता आणि तो मला कळत होता! सहा महिन्यांपूर्वी मी त्या खोलीत ठोंब्यासारखी उभी राहिले असते. मी मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की विजापूर जवळ आहे हे खरं, पण खासगीत आत्ता डॉक्टर आहे की नाही याची खात्री फोनवर मिळत नाहीये. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात रात्रीही ऑपरेशन होतं, रक्तपेढी आहे, बाळासाठी काच आहे. मी बरोबर येते. 'मी बरोबर येते' म्हटल्यावर वाद संपला.

108 यायला वेळ होता, आमच्याच अॅम्ब्युलन्समधून निघालो. मामा चालवत होते. मागे मी, सिस्टर, मुलगी, तिची आई. ओकारी किंवा लाळ श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून कुशीवर वळवलेली, ऑक्सिजन, मॅगसल्फचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट खिशात, दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजायचा. वाटेत झटका आला नाही. ती एकदा अर्धवट शुद्धीत आली, मी म्हणाले, "अंजब्याड तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. पहाटे सिझर झालं. मुलगा, दीड किलोचा, बरेच दिवस काचेत राहिला. दोघंही घरी आली.

महिन्याभराने तो सासरा ओपीडीत आला. मला वाटलं, काही बोलेल. गुडघा पुढे करून म्हणाला, "सूजी माडरी."

आता जरा कडू गोष्टी. मानधन पहिले चार महिने आलं नाही. ज्या टेबलावर अडकलं होतं तिथं विचारलं की दुसऱ्या टेबलाकडे बोट. मी घरून पैसे मागवत होते आणि सरकारी डॉक्टर म्हणून गावात माझा मान होता, हे एकाच वेळी. केंद्रावर मी दीडशे पेशंट बघायची आणि संध्याकाळी तेवढेच रकाने भरायची: गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आणि रजिस्टरमधली नावं एकेक करून 'स्थलांतरित' व्हायची. सहाव्या महिन्यातली बाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्या फडावर बाळंत होणार, तिला कुठली लस मिळाली, तिचं हिमोग्लोबिन सात होतं हे तिथं कोण सांगणार? मी चिठ्ठ्या लिहून द्यायची, त्यावर माझा मोबाईल नंबर. दोन ठिकाणांहून फोन आले. बाकीच्यांचं काय झालं कोण जाणे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की बॉण्ड बंद करा. मी तसं म्हणणार नाही. बॉण्ड नसता तर मी तिकडे कधीच गेले नसते आणि त्या रात्री तिथं एमबीबीएस डॉक्टर नसता. पण सिस्टर होत्या, हे विसरून चालत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. सरकार बॉण्डने माणूस पाठवतं, त्याला तयार करून पाठवत नाही. रुजू होण्याआधी पंधरा दिवस मला कुणी त्या सिस्टरांच्या हाताखाली बसवलं असतं, कन्नडची चार पानं दिली असती, तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ कोण, रात्री फोन उचलणार कोण, एवढी एक यादी दिली असती, तर माझे पहिले चार महिने वाया गेले नसते. आणि ते माझे नव्हते, पेशंटांचे होते. आता उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आलेत, त्यांना आधी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो. ई-संजीवनीवर तज्ज्ञांशी बोलता येतं. आमच्या वेळी माझी ई-संजीवनी म्हणजे सोलापूरला मेडिसिनला लागलेली मैत्रीण, जी रात्री दोनला फोन उचलून आधी शिवी द्यायची आणि मग डोस सांगायची.

दुसरं, वर्ष फार थोडं. मला लोकांचं बोलणं कळायला सात महिने लागले. सुई न मागता गोळी घेऊन जाणारे पेशंट नवव्या महिन्यात दिसायला लागले. बाराव्या महिन्यात कार्यमुक्तीचा कागद. मला थांबायचं होतं का? खोटं कशाला बोलू, नव्हतं. नीट व्हायची होती, वय वाढत होतं, घरून लग्नाचं सुरू झालं होतं. पण कुणी विचारलंही नाही.

पुढचा बॉण्डचा डॉक्टर आलेला नव्हता. शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार. ते स्कूटरवरून आले, घाईत होते, त्यांचीच ओपीडी सुटायची होती. चार्ज द्यायचा म्हणजे प्रत्येक वस्तू मोजून सह्या. बीपीची यंत्रं दोन, त्यातलं एक नादुरुस्त. ऑक्सिजन सिलिंडर. अँटिव्हेनमच्या व्हायल, बॅच नंबरसकट. काचेच्या नळ्या. खुर्च्या, त्यातली एक मोडकी, पण ती निर्लेखित झाली नव्हती म्हणून यादीत. सगळ्यात शेवटी मी ती शंभर पानी वही टेबलावर ठेवली. तोवर तिच्यात शब्दांच्या जोडीला बरंच काही जमलं होतं: कुठल्या वस्तीला पावसाळ्यात गाडी जात नाही, कुठल्या गावात आशा नाही तर अंगणवाडीच्या बाईंना फोन करायचा, पेस्टिंग कधी सुरू होतं, कुणाच्या घरी साखरेचं औषध बंद केलंय.

फार्मासिस्टनं ती उलटून पालटून बघितली. केंद्रातल्या वस्तूंच्या नोंदीचं डेडस्टॉक रजिस्टर पुढे ओढलं, पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, ही कशात चढवू?"

सिस्टरांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि लेबर रूममधल्या कपाटात, मॅगसल्फच्या खोक्याशेजारी ठेवली.